रपट्यावरची थंडी: पाच थांब्यांच्या नोंदी

३० नोव्हेंबर

पेपरात रोज इंदूरचं किमान तापमान येतं. ते असतं विमानतळावरच्या वेधशाळेचं. आमची कॉलनी विमानतळाच्या पलीकडच्या अंगाला, शेतांना चिकटून. म्हणजे तो आकडा आमचाच म्हणायला हरकत नाही. पण उसन्या स्वेटरसारखा तो कुठे सैल होतो, कुठे घट्ट. सकाळी कॉलनीच्या फाटकातून निघून गोम्मटगिरीच्या टेकडीकडे चालत गेलं की मधे खाल लागते. खाल म्हणजे मालवीत ओढा. तिच्यावर रपटा आहे, पावसाळ्यात ज्याच्यावरून पाणी जातं तसला बसका पूल. महाराष्ट्रातून येणारे पाहुणे त्याला फरशी म्हणतात. त्या रपट्यावर दात वाजतात आणि पुढे टेकडी चढायला लागलं की शाल काढावीशी वाटते. चालून अंग तापतं म्हणून, असं मी बारा वर्षं समजत होते. पण परतताना, अंग चांगलं तापलेलं असतानाही, रपट्यावर पुन्हा तेच.

एकतीस वर्षं कॉलेजच्या फिजिक्स लॅबमधे मुलांच्या रीडिंगांवर लाल पेन चालवलं. आता स्वतः घ्यायची. एकच वाट, पाच थांबे, प्रत्येक ठिकाणचं हवेचं तापमान. पहिला थांबा आमची गच्ची. दुसरा फाटक, जिथे पोह्यांचा ठेला लागतो. तिसरा गव्हाच्या बांधावरची बाभूळ. चौथा रपटा. पाचवा गोम्मटगिरीच्या चढावरचं वळण. जाऊन-येऊन सहा किलोमीटर. सोबतीला शेजारचे काका, वय ७१, हातात काठी आणि कुत्र्यांसाठी बिस्किटं.

हे म्हणाले, मोजल्यानं थंडी कमी होणार असेल तर गच्चीपासून सुरू कर.

१ डिसेंबर

जेल रोडवरून दोन डिजिटल थर्मामीटर आणले, वायरच्या टोकाला सेन्सर असलेले. फ्रिजसाठी वापरतात ते. एकावर विश्वास ठेवायचा नाही ही लॅबची सवय. दोन्ही ठेचलेल्या बर्फाच्या पाण्यात अर्धा तास बुडवले. शून्य दाखवायला हवं होतं. एकानं ०.४ दाखवलं, दुसऱ्यानं उणे ०.२. वाईट नाही. पहिल्यातून ०.४ वजा, दुसऱ्यात ०.२ मिळवायचे. वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहून ठेवलं, कारण महिन्याभरात मीच विसरणार.

३ डिसेंबर

पहिली फेरी. रपट्याच्या कडेला गवतावर सेन्सर ठेवला, चार मिनिटं थांबले, आकडा ३.९. फाटकाला ११ च्या वर होतं. सात अंशांचा फरक! काकांना दाखवलं, त्यांनी तिथल्या तिथे मफलर आणखी एक वेढा गुंडाळला. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात लेख तयार होता.

४ डिसेंबर

लेख रद्द. रात्री झोपेत आठवलं की मी हवेचं तापमान घेतलंच नव्हतं. निरभ्र रात्री गवत, पत्रा, गाडीची काच, सगळं आपली उष्णता आकाशाकडे टाकत राहतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतं. म्हणून तर दव पडतं: पानाला लागलेली हवा निवते आणि तिच्यातलं पाणी पानावर उतरतं. माझा सेन्सरही गवतात पडून आकाशाकडे बघत होता. त्यानं स्वतःचं तापमान सांगितलं, त्याचा काय दोष. वेधशाळेत हवामापनाचा थर्मामीटर पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरवर असतो तो याचसाठी.

एखाद्या पोरानं असं रीडिंग आणलं असतं तर मी काय लिहिलं असतं ते इथे लिहीत नाही.

५ डिसेंबर

पेटी तयार. सहा पांढऱ्या प्लास्टिकच्या बश्या उपड्या एकावर एक. मधे जुन्या पेनांच्या नळ्यांचे तुकडे, म्हणजे वारा खेळता राहतो. खालच्या पाचांना मधोमध भोक, वरची अखंड. सेन्सर आत लटकतो, त्याला आकाश दिसत नाही आणि आकाशाला तो. मच्छरदाणीच्या काठीवर सव्वा मीटरची खूण करून तिथे बांधली. एकूण प्रकार छत्रचामरासारखा दिसतो. काका म्हणाले, पालखी मागून येतेय का?

८ डिसेंबर

आता वेळेचा घोळ. पहाटेपर्यंत तापमान हळूहळू उतरतच असतं. फाटकाला सव्वापाचला मोजलं आणि टेकडीला सहाला, तर त्यातला काही फरक जागेचा आणि काही नुसता घड्याळाचा. यावर जुना उपाय आहे: जाताना मोजायचं, येताना त्याच जागी पुन्हा मोजायचं आणि सरासरी घ्यायची. तापमानाचा उतार एकसारखा असेल तर सगळ्या सरासऱ्या एकाच क्षणाच्या होतात, मी टेकडीवरून मागे वळते त्या क्षणाच्या. पण सूर्य उगवला की उतार मोडतो. म्हणजे सगळी फेरी उजाडण्याच्या आत संपायला हवी. म्हणजे घरातून पाचला निघायचं.

काकांनी दोन दिवस विचार करून होकार दिला. अट एकच, परत आल्यावर पोहे-जिलेबी माझ्याकडून.

९ डिसेंबर

पहिली नेटकी फेरी. आकाश स्वच्छ, वारा नाही. सरासऱ्या: गच्ची १२.२, फाटक ११.५, बाभूळ ९.०, रपटा ७.४, टेकडीचं वळण १०.९.

गवतावरचे सात अंश गेले, पण फाटक आणि रपटा यांच्यात चार उरले, आणि हे खरे आहेत. टेकडी रपट्यापेक्षा उंच असून उबदार. ‘जितकं उंच तितकं थंड’ हे शाळेतलं वाक्य पचमढीला जाताना ठीक, आमच्या वाटेवर पहाटे उलटं.

कारण पाण्यासारखं सोपं आहे, आणि अगदी पाण्यासारखंच. निवलेली हवा जड होते. जड झाली की उताराला लागते, बांधाबांधानं खाली येते आणि खोलगट जागी साचते. दिवसा कोरडी दिसणारी खाल रात्री भरते, थंडीनं.

१२ डिसेंबर

आज मोजमापापेक्षा कानांना जास्त मिळालं. रपट्यावर उभी असताना लक्ष्मीबाई नगर स्टेशनाकडून गाडीचा भोंगा इतका स्पष्ट आला की काका रस्त्यातून बाजूला झाले. दुपारी तिथे उभं राहा, काही ऐकू येत नाही. नेहमी वाटायचं पहाट शांत असते म्हणून. ते आहेच, पण दुसरंही आहे. वरची हवा उबदार आणि खालची थंड असली की आवाज वर निसटून जात नाही. उबदार थरात तो वेगानं जातो आणि खाली, थंडीकडे वाकतो. दुपारी उलट, तो आकाशात उधळून जातो.

परतताना झुंजूमुंजू झालं होतं. गावातल्या चुली पेटल्या होत्या. धूर सरळ वर चढत होता आणि चार-सहा पुरुष उंचीवर जाऊन, जणू छताला डोकं लागल्यासारखा, आडवा पसरत होता. त्या उंचीच्या वरची हवा धुराइतकीच उबदार, मग तो कशाला वर जाईल? माझ्याकडे काठी आहे सव्वा मीटरची. इथे चुलींनी अख्खा थर आखून दाखवला. सगळी कामं सोडून मी ते बघत बसले आणि बाभळीचं परतीचं रीडिंग सात मिनिटं उशिरा झालं. नोंद बाद.

१६ डिसेंबर

रपट्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं शेत ज्यांचं, त्यांना सगळे बासाब म्हणतात, मीही. आज ते शेतातच होते. रात्रपाळीला. शेताची थ्री-फेज वीज रात्री येते, त्यामुळे माणसानं पाणीही रात्रीच द्यायचं. गुडघ्यापर्यंत चिखल, अंगावर गोणपाट, बिडी.

“कंई नापो हो, बई?”

सांगितलं, थंडी. त्यांनी काठी, बश्या, वही सगळं नीट न्याहाळलं. हसले नाहीत. मला वाटलं होतं हसतील. आकडे विचारले. फाटकाला अकरा आणि इथे सात म्हटल्यावर मान हलवली, जशी आपण पाहुण्यानं आपल्याच घराचा पत्ता सांगितल्यावर हलवतो. मग बिडीनंच दाखवलं: वर, बांधाच्या पलीकडे हरभरा. मधे गहू. खालच्या पट्ट्यात दरवर्षी लसूण. “खाल में चणो नी बोवां.” त्यांचे वडीलही पेरत नसत. फुलावर आलेला हरभरा पाल्यानं जातो, गहू त्या वयात बराच सोसतो, लसूण तर हिवाळ्याचंच पीक.

पाला, म्हणजे दव गोठतं ते. मराठीत पाला म्हटलं की झाडाचा, इथे म्हटलं की छातीत धस्स होतं.

घरी येऊन वहीतला नकाशा काढला. मी पेन्सिलीनं तीन पट्टे आखले होते, उबदार, मधला, थंड. वाटेवरचे बांध अंदाजानं त्यावर टाकले. हरभरा, गहू, लसूण. रेघ जवळजवळ त्याच जागी. मी नऊ दिवस बश्या घेऊन जे काढलं ते शेतात हिरव्या रंगाच्या तीन छटांत आधीच लिहिलेलं होतं, आणि त्या शेताच्या कडेनं मी बारा वर्षं चाललेय.

फक्त एक चूक सापडली. खालच्या पट्ट्यात यंदा लसूण नाही, बटाटा आहे. मुलानं लावलाय. लसणाचा भाव गेल्या वेळी पडला, म्हणाले, आता पोरगं ऐकत नाही.

२१ डिसेंबर

सुट्टी आणि बदल. भाच्याच्या गाडीतून यशवंत सागर. हातोदकडचा, गंभीर नदीवर होळकरांनी बांधलेला तलाव, इंदूरला पाणी पुरवणारा. २०२२ पासून सिरपूर तलावाबरोबर हाही रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे, आणि २०२५ च्या जानेवारीत इंदूर आणि उदयपूर ही देशातली पहिली दोन ‘पाणथळ शहरं’ ठरली. स्वच्छतेचे फलक लावून जागा उरली असेल तर शहरात याचाही एखादा लावावा.

सूर्योदयाच्या आधी काठावर पोचलो तर तलाव उकळत होता. पाण्यावरून वाफेच्या वेण्या उठत होत्या, गुडघाभर उंच, आणि हळूहळू काठाकडे सरकत होत्या. पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं; रात्रभरात जमीन गार झाली, पाणी नाही झालं. त्याच्यावर कोरडी थंड हवा आली की असं होतं. सेन्सर पाण्यात सोडला: १७.१. काठावर हवा ९.८. तिथून पाचशे पावलं आत, शेतात: ७.९. म्हणजे तलाव स्वतःभोवती थोडी ऊब राखून असतो. वारकरी पक्ष्यांचे काळे ठिपके त्या वाफेतून ये-जा करत होते, आणि दूर चक्रवाकांची जोडी, नारिंगी.

मग सारस. आधी नुसता आवाज, तुतारीसारखा, दोघांचा मिळून एक. भाचा मोबाइल काढेपर्यंत धुक्यातून मान दिसली, लाल. जवळजवळ माणसाएवढा उंच पक्षी शेतातून असा चालत होता जणू सातबारा त्याच्या नावावर आहे. (इथे सातबारा नसतो, खसरा असतो. पण आजीच्या तोंडून ऐकलेला शब्द काही जात नाही.)

थंडीबद्दलचं एक वाक्य भाच्याचं: मावशी, आपण रजईतून उठून हे करतोय हे कुणाला सांगू नकोस.

२४ डिसेंबर

ढग. संध्याकाळपासूनच होते. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून हिवाळ्यात ढग-पाऊस घेऊन येणारी हवा, येतोय असं बातम्यांत सांगत होते. आकडे वाचण्यासारखे: गच्ची १४.९, फाटक १४.८, बाभूळ १४.४, रपटा १४.१, टेकडी १४.३. सगळी वाट जवळजवळ सपाट. जमिनीनं टाकलेली उष्णता ढग पांघरुणासारखी अडवतात, परत पाठवतात. थंड हवा तयारच झाली नाही, मग साचणार काय.

काकांचा गुडघा मात्र दुखला. ते म्हणाले, आमच्या यंत्राला ढग जास्त कळतात.

२६ डिसेंबर

मावठा झाला, दुपारी तासभर. गव्हाला अमृत, वाळत घातलेल्या सांडग्यांना विष. माझे सांडगे गेले.

२७ डिसेंबर

फसलेला प्रयोग. एक थर्मामीटर रात्रभर रपट्यावर ठेवायचा ठरवला, त्यात किमान आकडा साठवायची सोय आहे. काल संध्याकाळी काठी रोवून आले. सकाळी काठी आडवी, बश्या विखुरलेल्या, चिखलात खुरांचे ठसे. घोडारोज. नीलगायीला इथे घोडारोज म्हणतात, आणि दिसण्यावरून ते नाव जास्त शोभतं. कुळानं मात्र ती गायीच्याच जवळची. पाच बश्या सापडल्या. सहावी बासाबांच्या नातवानं कोंबडीला पाणी ठेवायला नेली होती. तिथेच राहू दिली, कोंबडी खूश होती. स्वयंपाकघरातून दुसरी घेतली.

किमान आकडा पुसला गेला होता.

२९ डिसेंबर

मावठ्याचे ढग गेले की मागून उत्तरेचा गार वारा येतो आणि तो थांबला की खरी थंडी. काल संध्याकाळी वारा थांबला. रात्री साडेनऊला गच्चीवर गेले तर तारे असे की हात लावावा.

पाचला निघालो. काकांनी दोन टोप्या घातल्या होत्या. फाटकाजवळ शेकोटीभोवती चौकीदार आणि दूधवाले. कुणी बोलत नव्हतं. बाभळीला टॉर्चचा झोत टाकला तर गव्हाची पाती पाण्यानं वाकलेली. रपट्याच्या उतारावर पावलांखालचा आवाज बदलला. ओल्या गवताचा फसफस आवाज असतो, हा कुरकुरीत होता, चिवड्यासारखा. खाली वाकून बोट फिरवलं. बोटावर पांढरी पूड.

आकडे: गच्ची ८.४, फाटक ७.८, बाभूळ ५.१, रपटा ३.०, टेकडीचं वळण ७.२.

तीन अंश, आणि तरी बर्फ. काकांना पटेना. सव्वा मीटरवर तीन. गवताच्या पात्याजवळ त्याहून कितीतरी कमी. दुसऱ्या थर्मामीटरचा उघडा सेन्सर मुद्दाम गवतावर ठेवला, तीन तारखेला चुकून ठेवला होता तसाच: उणे १.६. तेव्हा ती चूक होती, आज तेच हवं होतं. रोपाला पेपरातला आकडा लागत नाही, त्याच्या पानाला लागतो तो लागतो.

खालच्या पट्ट्यात बासाब आणि त्यांचा मुलगा. रात्री एकपासून पाणी देत होते. अर्ध्या बटाट्याला पोचलं, मग वीज गेली. उरलेल्या अर्ध्याच्या बांधावर त्यांनी ओला कडबा पेटवला होता. धूर त्या अदृश्य छताला लागून वाफ्यांवर पसरत होता, कालपर्यंत मी ज्याला सुंदर म्हणत होते तोच. काही बोलायची सोय नव्हती. मुलगा उकिडवा बसून पानांवरची पूड बघत होता, हात न लावता.

मी उपयोगाची एकच गोष्ट करू शकत होते, ती केली. काठी उचलून ओल्या वाफ्यात रोवली, मग कोरड्या वाफ्यात, मग पुन्हा ओल्यात. ओल्यात ३.८, कोरड्यात २.७. अंशाचा फरक. ओली माती दिवसाची ऊब जास्त धरून ठेवते आणि खालची ऊब वर येऊ देते, कोरडी भुसभुशीत माती वरून निवते आणि खालचं खालीच अडवते. शिवाय पाणी गोठताना स्वतःची उष्णता सोडतं, लिटरमागे ८० किलोकॅलरी. हे सगळं मला ठाऊक होतं. अंशाच्या फरकासाठी माणूस रात्री एकला थंड पाण्यात उभा राहतो हे नव्हतं.

सूर्य वर आला तेव्हा घरी गेले नाही. काकांना पोह्यांना पाठवलं. पहिल्या उन्हात सगळा पट्टा चमचमला, कोळ्यांची जाळी मण्यांच्या माळांसारखी, कुंपणाच्या तारेवर थरथरा शेपटी हलवत बसलेला. दहापर्यंत कोरड्या अर्ध्यातली पानं उकडल्यासारखी मऊ पडली. दुपारी गेले तेव्हा काळी.

वरच्या हरभऱ्याला काही झालं नाही.

३० डिसेंबर

आज रपटा ३.४. ओला अर्धा टिकलाय. नोंद एवढीच.

५ जानेवारी

बटाटा साठ-पासष्ट दिवसांचा होता, त्यामुळे सगळं गेलं असं नाही. पानं गेली की कंद वाढत नाही, जेवढा झालाय तेवढा. बासाबांनी मुलाला काही सुनावलं नाही. मला वाटतं, पुढच्या वर्षी खाली काय लावायचं यावर त्यांच्यात अजून बोलणंच झालं नसावं. माझ्याकडून त्यांनी वहीतलं पान मागून घेतलं, २९ तारखेचं. मी नक्कल करून दिली, मूळ पान देत नाही.

आजचे आकडे नेहमीसारखे. बॅटरी बदलली.

१० जानेवारी

टेकडीकडच्या बाजूनं चुन्याच्या रेघा आणि सिमेंटचे खांब आलेत. प्लॉटिंग. रपट्याच्या काठापर्यंत. खांबांजवळ एक तरुण उभा होता, जाकीट, गॉगल कपाळावर, पहाटे सव्वासहाला. त्यानं विचारलं, मॅडम, तहसीलमधून आलात का? म्हटलं नाही, घरून. काठी कशाची? सांगितलं. मग त्यानं स्वतःहून विचारलं की कुठला भाग जास्त थंड. मी रपट्याजवळची रांग दाखवली, इथे वळणापेक्षा चार अंश कमी, पावसाळ्यात पाणीही इथेच येणार. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “यानी एसी का खर्चा बचेगा.”

हा माणूस प्लॉट विकणार. सगळे विकणार.

१३ जानेवारी

भोगी. फेरीला दांडी. बाजरीची भाकरी, तीळ लावून. भाजीत ओला हरभरा बासाबांच्या वरच्या शेतातला, गाजर, वांगी, शेंगा. ह्यांनी गराडू आणले, म्हणजे इथला कंद, तळून, वर जिरावण, इथला मसाला. भोगीच्या पानात गराडू कुठल्या शास्त्रात बसतं ते विचारायचं नाही. चार पिढ्या इंदुरात काढल्यावर बसतं.

१५ जानेवारी

संक्रांत झाली, उद्यापासून लवकर उजाडेल, पाचऐवजी साडेचारला निघायचं की काय, या विचारानं काका धास्तावले होते. त्यांना खूशखबर दिली. सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा हे खरं, पण सर्वांत उशिराची सकाळ तेव्हा नसते. इंदूरला ती येते जानेवारीच्या मध्याला, सात-नऊच्या सुमारास. डिसेंबरच्या शेवटापासून दिवस वाढतो तो संध्याकाळच्या टोकाला. पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि आस कललेली, त्यामुळे खरा मध्यान्हच घड्याळात रोज थोडा पुढे सरकत जातो आणि सूर्योदयालाही ओढत नेतो. तिळातिळानं वाढतो म्हणतात तो दिवस, पण तीळ मावळतीकडे पडतात.

काका म्हणाले, एवढं सगळं फिरून शेवटी पाचलाच ना?

फाटकाशी पोरं गिल्ली-दांडू खेळत होती. पोहेवाल्यानं तिळगुळाऐवजी शेव जास्त घातली.

२५ जानेवारी

वारा. रात्रभर खिडकी वाजत होती. गच्ची १०.१, फाटक १०.०, बाभूळ ९.७, रपटा ९.५, टेकडी ९.४. वाऱ्यानं सगळं ढवळून टाकलं, थर नाही, साठा नाही. टेकडी सर्वांत थंड, शाळेतल्या वाक्याप्रमाणे. अंगाला मात्र हीच पहाट सगळ्यात बोचरी लागली. थर्मामीटरला कातडी नसते.

हे कोष्टकात वेगळ्या रंगानं. आजवरच्या २६ पूर्ण फेऱ्या तीन ढिगांत पडतात: निरभ्र आणि निवांत, ढगाळ, वाऱ्याची. पहिल्या ढिगात रपटा वळणापेक्षा तीन ते सव्वाचार अंश थंड, एकदाही अपवाद नाही. विमानतळाचा आकडा बाभळीच्या आसपास येतो, कधी वर, कधी खाली. म्हणजे पेपर आमच्या गव्हाचं तापमान छापतो.

८ फेब्रुवारी

थंडी उतरली. रपटा १०.६. हवेला आता हरभऱ्याचा आंबट वास, आणि वरच्या शेतात काल होळा, म्हणजे ओला हरभरा, भाजला त्याची राख. हातांना अजून काळं आहे.

एक थर्मामीटर बासाबांना दिला, पेटीसकट, कोंबडीची बशी वगळून. खालच्या पट्ट्यात खांबाला बांधलाय, घोडारोजाच्या मानेच्या वर. नातू रोज सकाळी आकड्याचा फोटो पाठवतो. बर्फाच्या पाण्याची दुरुस्ती त्याला समजावली, ०.२ मिळवायचे, लक्षात ठेवलंय.

आजचा फोटो सव्वासहाचा: २४.३. नीट पाहिलं तर बश्यांच्या मधून त्याचं बोट दिसतंय, सेन्सर चिमटीत. नोंद घेतली नाही. उद्या जाऊन दाखवते.